रोहिणीचा पाऊस वेगळा, मिरगाचा वेगळा

भुसावळच्या मे महिन्यात पावसाची तयारी कोणाला सुचत नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दुपारी बारानंतर रस्ते ओस, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरायचं. रेनकोट दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर गेलेले असतात आणि पोरं वाढल्यामुळे ते खाली काढले तरी अंगात बसत नाहीत. याच दिवसांत सुट्टीतल्या सहलीच्या बॅगा भरल्या जातात. टोप्या, गॉगल, ओआरएसची पाकिटं असं सगळं आठवणीने ठेवलं जातं. रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, पहाटे कल्याणला उतरायचं, कर्जत-खोपोलीकडची लोकल धरायची. बदलापूर मागे पडलं की समोरच्या डोंगरांवर काळं आभाळ दिसतं आणि महिनाभर या एका दिवसाची वाट पाहिलेलं पोर विचारतं, "आता राइड बंद राहतील का?"

"थोडा वेळ राहतील," हे त्याचं बहुतेक वेळा खरं ठरणारं उत्तर. पार्कातल्या सहा-सात तासांच्या मुक्कामात पाऊस सगळेच तास खात नाही. किती खातो, हे मात्र आपल्या हातात बरंच असतं, आणि त्यासाठी समोरचा पाऊस कोणत्या जातीचा आहे ते ओळखता यायला हवं.

ही ओळख आपल्या खानदेशात जुनी आहे. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मृग. रोहिणीतला पाऊस म्हणजे वळीव. सकाळ कोरडी आणि तापलेली, दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, विजा कडाडतात, अर्धा-पाऊण तास झोडपून पाऊस निघून जातो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा मे महिन्यात आडव्या होतात त्या अशाच वाऱ्याने. मिरगाचा पाऊस म्हणजे मोसमी वारे पोहोचल्यावरचा. त्यात विजा कमी, वारा एकसारखा, सरीवर सर येत राहते. कधी दिवसभर झड लागते. पहिल्या पावसाला घड्याळ लागतं, दुसऱ्याला कपडे. सहलीची सगळी आखणी या फरकावर उभी करा.

नक्षत्रं ठरल्या तारखेला लागतात, मोसमी पाऊस लागत नाही. मुंबईत तो येण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२३ मध्ये तो मुंबईत २५ जूनला आला. २०२५ मध्ये २६ मेलाच येऊन थडकला, १९५० नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता. दोन वर्षांच्या अंतरात महिनाभराचा फरक. त्या वर्षी मेअखेरची तिकिटं काढून ठेवलेल्यांनी रोहिणीतच मिरगाचा पाऊस पाहिला. म्हणून कॅलेंडर पाहून अंदाज बांधा, पण निघायच्या आठवड्यात आभाळाचीही खबर घ्या.

इथे रेल्वेची एक अडचण आडवी येते. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन साठ दिवस आधी खुलतं. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट एप्रिलच्या सुरुवातीलाच काढावं लागतं, नाहीतर सुट्टीच्या गर्दीत वेटिंग नशिबी येतं. हवामानाचा भरवशाचा अंदाज मिळतो चार-पाच दिवस आधी. गाडीची तारीख आणि आभाळाची तारीख यांचा मेळ बसवायचा एकच मार्ग मला माहीत आहे, तो म्हणजे एक दिवस मोकळा ठेवणं. दोन रात्री मुक्काम ठरवा आणि पार्कासाठी दोनपैकी कोणता दिवस वापरायचा ते तिथे पोहोचण्याच्या आदल्या दिवशी ठरवा. पार्काची तारखेची तिकिटं तोवर काढू नका. आगाऊ तिकिटावरची सूट सोडवत नसेल तर तारीख बदलून मिळते का, किती दिवस आधी कळवावं लागतं, त्याचे वेगळे पैसे पडतात का, ते आधी वाचा. पावसासाठी पैसे परत मिळतील ही आशा धरू नका; राइड थोडा वेळ बंद राहिल्या म्हणून सहसा कोणी परतावा देत नाही. उरलेला एक दिवस ठाण्या-डोंबिवलीच्या आत्या-मावशीकडे गेला तरी कोणाची तक्रार नसते.

जायचं कुठे, हाही पावसाचाच प्रश्न आहे. एके काळी आपल्याकडच्या सहली गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायच्या, जे १९८९ साली सुरू झालं होतं. आता बहुतेक कुटुंबं खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाला जातात. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. वरच्या लोणावळा-खंडाळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या जळगाव जिल्ह्यात सातशेच्या आगेमागे. ज्या डोंगराला ढग अडतात त्याच्याच कुशीत आपण सहलीला चाललोय, हे लक्षात ठेवलं की तिथली पहिली सर पाहून कोणी हबकत नाही. एप्रिल आणि मेचे पहिले तीन आठवडे हा तिथे जायचा सगळ्यात निर्धोक काळ.

जूनमध्येच जमणार असेल आणि घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील, तर मी शिर्डी सुचवेन. संगमनेरच्या ज्या मालपाणी समूहाने २०२२ मध्ये इमॅजिका घेतलं, त्यांचंच साईतीर्थ हे भक्तिपार्क शिर्डीत आहे. तिथले खेळ जवळपास सगळे छताखाली: लंकादहनाचा फाइव्ह-डी खेळ, द्वारकामाईचा देखावा, देशभरच्या मंदिरांतून फिरवणारी तीर्थयात्रा. शेजारी त्यांचंच वेट अँड जॉय वॉटर पार्क आहे. शिर्डी-कोपरगावचा पट्टा पर्जन्यछायेत येतो, खोपोलीसारखी झड तिथे जूनच्या सुरुवातीला सहसा लागत नाही. भुसावळहून गाडीने मनमाड आणि पुढे रस्त्याने तासा-दीड तासात शिर्डी. घाट लागत नाही, मुंबईच्या लोकलची धक्काबुक्की नाही आणि दर्शनही होतं. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं मात्र मोठ्या रोलर कोस्टरसाठी हट्ट धरतील, तेव्हा खोपोलीला पर्याय नाही.

आता प्रत्यक्ष पार्कातला दिवस. जायच्या आधी नकाशा काढून राइडचे दोन गट करा, उघड्यावरच्या आणि छताखालच्या. इमॅजिकात नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप, गोल्ड रश एक्स्प्रेस या उघड्यावरच्या. सलीमगढ, मिस्टर इंडिया, अलीबाबा और चालीस चोर, आय फॉर इंडिया, रॅथ ऑफ द गॉड्स या इमारतीच्या आत. डीप स्पेस हा रोलर कोस्टर असूनही अंधाऱ्या इमारतीत धावतो, त्यामुळे पावसात कोस्टरची हौस भागवायची तर तो आहे. राजासॉरसमध्ये तसंही भिजायचंच असतं. त्या दिवशी कोणती राइड दुरुस्तीसाठी बंद आहे ते आत शिरतानाच विचारून घ्या आणि नकाशावर तशी खूण करा.

वळिवाचा दिवस असेल तर गेट उघडण्याआधी रांगेत उभं राहा आणि सकाळभर उघड्यावरच्या राइड उरका. दुपारी जेवणाच्या वेळी बाकीचे सावलीत बसतात तेव्हा रांगा थोड्या ओसरतात, तोही वेळ साधा. छताखालची एकही राइड सकाळी वापरू नका. पोरं आग्रह करतील, कारण बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत गारवा असतो. तरी त्यांना समजावून सांगा. साडेतीनला आभाळ दाटून आलं की सगळं पार्क एकदम त्या पाच-सहा इमारतींकडे पळतं. आपण पळापळीच्या वीस मिनिटं आधी आत शिरलेलो असावं. पश्चिमेचं किंवा डोंगरावरचं आभाळ काळं पडून गार वारा सुटला, की तेवढी मुदत साधारण मिळते.

मोसमी पावसाचा दिवस असेल तर हेच उलट करावं लागतं. दिवसभर सरी येणार असतील तर पावसाची वाट पाहून काही मिळत नाही. विजा नसताना रिमझिम पावसात बऱ्याच राइड चालू राहतात आणि लोक आडोशाला गेल्यामुळे त्यांच्या रांगा रोडावतात. रेनकोट घालून तिथेच थांबा. ज्या राइडला मे महिन्यात तासभर उभं राहावं लागतं, तिथे अशा दिवशी पुन्हा पुन्हा बसता येतं. जोराची सर आली की आत, ओसरली की बाहेर. पाऊस थांबल्यावर बंद राइड लगेच चालू होत नाही. आधी ती रिकामी फिरवून पाहतात, आसनं पुसतात. रिकामे डबे फिरताना दिसले की रांगेकडे निघायचं.

राइड बंद ठेवणाऱ्या माणसाशी हुज्जत घालू नका. "दोन मिनिटांनी थांबवा ना, पोरं एवढ्या लांबून आलीत," असं काकुळतीने सांगणारे आई-वडील मी पाहिलेत. त्यांची तळमळ खरी असते. पण ओल्या रुळावर ब्रेकची पकड बदलते, वेगात येणारे थेंब चेहऱ्याला आणि डोळ्यांना टोचतात, आणि उंच लोखंडी सांगाड्यावर विजेच्या वेळी माणसं बसवणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणं. तो माणूस आपल्याच लेकरांसाठी नकार देत असतो.

विजेबद्दल घरातल्या प्रत्येक मुलाला एक हिशेब शिकवून ठेवा. वीज चमकलेली दिसली की आकडे मोजायला लागायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पक्क्या इमारतीत जायची वेळ झाली आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचं. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडखाली, कुंपणाच्या जाळीला टेकून उभं राहायचं नाही. वॉटर पार्कात असाल तर शिट्टीची वाट न पाहता पाण्याबाहेर या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेलं 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास वीज पडायची शक्यता दाखवतं, ते निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवा. हवामान खात्याचं 'मौसम' ॲपही ठेवा, त्यात पुढच्या काही तासांचा इशारा मिळतो. रंगांचा अर्थ सोपा आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे जाऊ नका. खोपोली रायगड जिल्ह्यात येते, म्हणून मुंबईचा किंवा पुण्याचा अंदाज पाहून समाधान मानू नका, रायगडचाच पाहा. नारिंगी इशाऱ्याला मोकळा ठेवलेला दिवस कामाला येतो.

बॅगेबद्दल सांगायचं ते भुसावळकरांच्या अनुभवाने सांगते. छत्री नेऊ नका. वाऱ्यात ती उलटते, रांगेत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि राइडवर नेता येत नाही. प्रत्येकाला पातळ घडीचा रेनकोट हवा, आणि तो घरूनच न्यायला हवा, कारण पार्कातल्या दुकानात पाऊस सुरू झाल्यावर जी गर्दी होते तिथे किंमत विचारायलाही उसंत मिळत नाही. आपल्या बाजारात मे महिन्यात रेनकोट सहज मिळत नाहीत. जुने बाहेर काढून मापं एप्रिलमध्येच बघा. जीन्स घालू नका. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही, जड होते आणि मांड्यांना घासून चट्टे उठतात. सुटसुटीत, लवकर वाळणारे कपडे बरे. ज्यांना हमखास घासतं त्यांनी सकाळीच खोबरेल तेल लावावं. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, तिथल्या नियमाप्रमाणे नायलॉनचा पोशाख लागतो. घरून नेलात तर भाडं वाचतं. पायात मागे पट्टा असलेली सँडल. चष्म्याला दोरी. फोन, पैसे, तिकिटं आणि आजोबांचं श्रवणयंत्र यांच्यासाठी चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.

सगळ्यात महत्त्वाचा मात्र कोरड्या कपड्यांचा जोड. पावसात भिजून मुलं फारशी आजारी पडत नाहीत. भिजलेल्या अंगाने एसीच्या हॉलमध्ये अर्धा-पाऊण तास रांगेत उभी राहिली की कुडकुडतात, ओठ निळसर पडतात. पंचेचाळीस अंशांतून कालच आलेल्या शरीराला तो गारवा फार जाणवतो. स्नो पार्कात जाणार असाल तर ओल्या कपड्यांनी मुळीच जाऊ नका. म्हणून लॉकर घ्या, पैसे वाचवायची ती जागा नव्हे. त्यात प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड, एक पंचा आणि लहान मुलांचे दोन जोड ठेवा. छताखालच्या राइडकडे वळण्याआधी मुलांचं डोकं पुसून निदान वरचा कपडा बदला. पाच मिनिटं जातात, पण संध्याकाळ सुखाची होते.

आणि पाणी प्या. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तहान कळते. कोकणाच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, पाऊस पडत असला की तहानेची आठवणही होत नाही, आणि दुपारी चारला डोकं ठणकायला लागतं. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं आणि औषधं सोडून. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा गाडीसाठी ठेवा. पावसाने गाडी तास-दोन तास थांबली तर तोच डबा सगळ्यांना धीर देतो.

परदेशातल्या मराठी कुटुंबांनाही हे चुकत नाही. फ्लोरिडात ऑरलँडोच्या डिस्ने पार्कांत लोक मुलांच्या शाळांना सुट्टी असते म्हणून जून ते ऑगस्टमध्ये जातात, आणि नेमका तोच तिथला दुपारच्या वादळी पावसाचा मोसम. तिथली रीत आपल्या रोहिणीच्या दिवसासारखीच: पहाटे उठून गेट गाठायचं, दुपारच्या गडगडाटात आतले खेळ, पाऊस गेल्यावर गार हवेत पुन्हा बाहेर. गर्दी पावसाला कंटाळून हॉटेलवर परतते आणि उरलेल्यांना संध्याकाळ मोकळी मिळते. १९८३ साली उघडलेल्या टोकियो डिस्नेलँडमध्ये तर प्रवेशानंतरच्या दुकानांच्या रस्त्यावरच काचेचं छत आहे, कारण तिथला पावसाळा बांधणाऱ्यांनी आधीच लक्षात घेतला होता. आपल्याकडे नव्या पार्कांनी रांगांवर असं पक्कं छत घालावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. महाराष्ट्रात पार्क बांधायचं तर वर्षातले चार महिने पाऊस असतो हे धरूनच बांधायला हवं.

पार्कातून लवकर बाहेर पडावं लागलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "चला, धबधबा तरी पाहू." इथे मी हात जोडून सांगते, नका जाऊ. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते, पण वर डोंगरात झालेल्या पावसाचा लोंढा काही क्षणांत खाली येतो. आपल्याकडे तापी दुथडी भरून येते तेव्हा ती हळूहळू चढताना दिसते. घाटातल्या ओढ्याची चाल तशी नसते आणि आपल्याला तिची सवय नसते. राइडवर पट्टा असतो, तपासणी असते, शिट्टी वाजवणारा माणूस असतो. ओढ्यात यातलं काहीच नसतं. वेळ उरला तर कर्जतला वडापाव खा, हॉटेलवर पत्ते खेळा, मुलांना झोपू द्या. पायाला जखम असेल तर रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून चालणंही टाळा, लेप्टोस्पायरोसिसची लागण अशीच होते. सहलीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना हे पाण्यातून चालणं आवर्जून सांगा.

परतीच्या गाडीसाठी वेळ सैल ठेवा. कर्जत-कल्याण मार्ग उल्हास नदीच्या काठाकाठाने जातो. जुलै २०१९ मध्ये याच मार्गावर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जूनच्या सुरुवातीला असा पूर सहसा येत नाही, पण लोकल उशिरा धावणं, कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबून राहणं हे नेहमीचं आहे. पार्क बंद होण्याच्या वेळेपर्यंत थांबून रात्रीची गाडी पकडायचा बेत पावसाच्या दिवशी करू नका. कल्याणला गाडीच्या किमान तीन तास आधी पोहोचा, किंवा त्या रात्री मुक्काम करून सकाळची गाडी धरा. स्वतःच्या गाडीने गेलात तर कसारा किंवा खंडाळा, दोन्ही घाट उजेडातच ओलांडा; पावसाळी धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. गाडी कुठे आहे ते निघण्यापूर्वी १३९ वर विचारा, पुन्हा कल्याणला पोहोचल्यावर विचारा, आणि फोनची बॅटरी त्यासाठी राखून ठेवा. पार्कातल्या व्हिडिओंनी ती दुपारीच संपलेली असते, म्हणून पॉवर बँक त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.